पाच हजारांच्या आतले कॉम्प्युटर स्पीकर

सोयाबीनचा पैसा हातात आला की वाशिमच्या बाजारात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत गर्दी होते. दिवाळीच्या तोंडावर दुकानदार जो माल पुढे मांडतात त्यात लाल-निळे दिवे लुकलुकणारे स्पीकर हमखास असतात. एक मोठा डबा, दोन छोटे, रिमोट, ब्लूटूथ, एफएम, पेन ड्राइव्हची खाच आणि खोक्यावर ठसठशीत आकडा: अमुक हजार वॅट. दुकानदार ‘झिंगाट’ लावतो, काउंटरची काच थरथरते आणि सौदा पक्का होतो. घरी आल्यावर मात्र त्यावर ऐकायचं असतं पोरीचं पोलीस भरतीचं लेक्चर, आजोबांचं कीर्तन आणि आपली जुनी गाणी. तिथे हा संच नुसता घुमतो, सर काय बोलले ते कळत नाही.

आधी त्या आकड्याचा निकाल लावू. खोक्यावर १२०० वॅट लिहिलेलं असतं, त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत पीएमपीओ असं असतं. या पीएमपीओला कुठलंही ठरलेलं माप नाही. कंपनी आपल्या सोयीने आकडा काढते आणि छापते. खरा आकडा आरएमएस. स्पीकर सतत किती ताकदीने वाजू शकेल ते त्यावरून कळतं. तोही खोक्यावर नसेल, तर स्पीकर उलटा करा आणि त्याला वीज कुठून मिळते ते बघा. यूएसबीवर चालणारा असेल तर कॉम्प्युटरचा साधा यूएसबी पोर्ट ५ व्होल्टला अर्धा अँपिअर देतो, म्हणजे सगळे मिळून अडीच वॅट. यूएसबी ३ चा पोर्ट असला तर ०.९ अँपिअर, म्हणजे साडेचार वॅट. आत जाते त्याहून जास्त वीज बाहेर येणार कुठून? सोबत अ‍ॅडॅप्टर असेल तर त्याच्या चिठ्ठीवर १२ व्होल्ट, १.५ अँपिअर असं काहीतरी छापलेलं असतं. दोन्हींचा गुणाकार करा: १८ वॅट. त्या संचातून सतत १८ वॅटच्या वर काही निघणार नाही, मग खोक्यावर हजार लिहा नाहीतर लाख. हा हिशेब दुकानात उभ्या उभ्या होतो, आणि तो केला की दुकानदाराचा सूरही जरा खाली येतो.

गंमत अशी की अडीच वॅटसुद्धा अगदीच टाकाऊ नाहीत. टेबलाशी बसून दोन फुटांवरून ऐकणाऱ्याला लेक्चर, बातम्या आणि मध्यम आवाजातली गाणी तेवढ्यात भागतात. वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने, आणि कानाला तो फरक जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला ताकद साधारण दहापट लागते. उलट स्पीकर चार फुटांवरून दोन फुटांवर ओढला, तर सहाएक डेसिबल मिळतात. म्हणजे चौपट वॅटचं काम फुकटात झालं! बंद खोलीत भिंतींवरून आवाज परत येत असल्याने फायदा याहून थोडा कमी, पण पैसा न खर्चता मिळणारी ही एकच वाढ आहे. ज्याला पूर्ण घरभर गाणी हवीत त्याची गोष्ट वेगळी. कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्याने अंतर कमी करावं आणि वाचलेले पैसे दुसरीकडे लावावेत.

हे आपल्याकडे जास्त महत्त्वाचं आहे ते कूलरमुळे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा वाशिम, कारंजा, रिसोड कुठेही जा, खिडकीत कूलर घरघरत असतोच. त्याच्या पंख्याच्या आवाजात सगळ्यात आधी विरतात ती स, श, फ, थ ही हलकी अक्षरं. आवाज ऐकू येतो पण शब्द लागत नाही, तो यामुळे. मग माणूस बटण फिरवत जातो, स्पीकर फाटायला लागतो आणि शब्द तरीही लागत नाही. उपाय साधे आहेत. स्पीकर जवळ घ्या, त्यांचं तोंड कानाकडे करा, आणि कूलर ज्या बाजूला आहे त्याच बाजूला स्पीकर ठेवू नका. दोन आवाज दोन दिशांनी आले की कान त्यांना बरोबर वेगळं करतो. विंडोजमध्ये साउंडच्या सेटिंगमध्ये बऱ्याच कॉम्प्युटरवर ‘लाउडनेस इक्वलायझेशन’ नावाचा पर्याय असतो. तो चालू केला की सरांचं पुटपुटणं वर येतं आणि ओरडणं खाली. गाणी ऐकताना मात्र तो बंद ठेवा, नाहीतर गाण्यातला चढउतार सपाट होतो.

मग पैसा लावायचा कशावर? डब्यावर आणि कोनवर. स्पीकरचा आवाज त्याच्या कागदी किंवा प्लास्टिकच्या कोनातून येतो आणि डबा त्याला धरून ठेवतो. डबा पातळ प्लास्टिकचा असेल तर कोनाबरोबर तोही थरथरतो आणि स्वतःचा आवाज मिसळतो. लाकडी डबा (खरं तर एमडीएफचा, अस्सल लाकूड या किमतीत कोणी देत नाही) जड असतो आणि गप्प राहतो. दुकानात बोटाच्या पेराने डब्याच्या बाजूवर टकटक करून बघा. टणटण असा पोकळ आवाज आला तर सोडून द्या. आखूड, दबका ठोका आला तर पुढे बोला. मग उचलून बघा. आत लोहचुंबक मोठा असेल तर वजन हाताला कळतं. कोन कमीत कमी तीन इंची असावा, चार इंची मिळाला तर उत्तम. त्याच्या कडेला रबराची किंवा फोमची गोल पट्टी असते, तिला बोट लावून बघा. फोमची पट्टी काही वर्षांत भुगा होते, रबर टिकतं.

दोन लाकडी डबे चांगले की वूफरवाला तीन डब्यांचा संच, यावर माझं मत स्पष्ट आहे. पाच हजारांच्या आत दोन डबेच. वूफरवाल्या स्वस्त संचात दोन छोट्या डब्यांत दोन-अडीच इंची कोन असतात. तेवढ्या कोनाला खालचे सूर झेपत नाहीत, म्हणून ते सगळे टेबलाखालच्या वूफरकडे ढकललेले असतात. पुरुषाच्या आवाजाचा भारदस्तपणा, तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा, पखवाजाची थाप हे सगळं पायाजवळून येतं आणि शब्द टेबलावरून. कीर्तनकार दोन ठिकाणी उभा राहून बोलतोय असं वाटतं. त्यातही स्वस्त वूफरला एकच सूर येतो. हलगी असो, ढोल असो की डग्गा, सगळं ‘धम’. त्यात घरावर टिनाचे पत्रे असतील तर बघायलाच नको, वूफर वाजला की पत्रा आपली वेगळी साथ धरतो.

मुलांना गेम खेळायचे आहेत, सिनेमे बघायचे आहेत, घर स्लॅबचं आहे, तर वूफरवाला संच घ्या, त्यात गैर काही नाही. फक्त बेसचं बटण वेगळं आहे याची खात्री करा आणि वूफर खोलीच्या कोपऱ्यात कोंबू नका. कोपऱ्यात बेस फुगतो.

दुकानात ऐकायला जाताना दुकानदाराच्या पेन ड्राइव्हवर विसंबू नका. त्यात त्याच्या मालाला शोभतील तीच गाणी असतात. आपल्या मोबाइलमध्ये आपलं सामान घेऊन जा. पहिलं, रोज ऐकतो तेच एखादं लेक्चर किंवा कीर्तन. दुसरं, तबला किंवा पखवाज स्पष्ट ऐकू येईल असं काहीही. डग्ग्यावर मनगट घासून सूर वर-खाली नेतात तो चढउतार ऐकू आला पाहिजे. सगळीकडे एकच गुंई आली तर स्पीकर कच्चा. मानोऱ्याकडच्या तांड्यांवरची होळीची लेंगी मोबाइलवर असेल तर तीही लावा. डफाची थाप आणि गाणाऱ्यांचा घोळका एकमेकांत गुंतले नाहीत तर स्पीकर ठीक. तिसरं, ‘सैराट’मधलं ‘याड लागलं’. २०१६ च्या या सिनेमाचं संगीत अजय-अतुलनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर मोठ्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित केलं होतं. व्हायोलिनचा तो ताफा स्वस्त स्पीकरवर एकच चिकट पडदा होतो आणि बऱ्या स्पीकरवर त्याचे थर सुटे होतात. ‘झिंगाट’वर मात्र सगळेच स्पीकर चांगले वाटतात, म्हणून तर दुकानदार तेच लावतो.

आवाज पाऊणपर्यंत नेऊन ऐका आणि लगेच अगदी बारीक करूनही ऐका. बऱ्याच स्वस्त संचांत बटण थोडं फिरवलं की एकाच बाजूचा स्पीकर आधी बोलतो. रात्री घरचे झोपलेले असताना हळू ऐकणाऱ्याला हा दोष रोज छळतो. गाणं थांबवून कान कोनाजवळ न्या. बारीक सरसर चालेल, घुंऽऽऽ असा आवाज नको.

जुन्याच गाण्यांचे शौकीन असाल तर अजून एक गोष्ट लक्षात घ्या. साठच्या दशकापर्यंतची आपली चित्रपटगीतं जवळजवळ सगळी मोनो आहेत, डावं-उजवं असं त्यांत काही नाही. त्यांच्यासाठी एकच मोठा चांगला स्पीकर हा दोन भिकार स्पीकरांपेक्षा बरा. घरात एकाच कानाने ऐकणारं वडीलधारं माणूस असेल तर विंडोजच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू करून द्या, डावीकडचं वाद्य त्यांच्यापासून हरवणार नाही.

किमतीचं म्हणाल तर त्या सेलप्रमाणे खाली-वर होतात, पण अंदाज असा. हजाराच्या आसपास यूएसबीवर चालणारी छोटी जोडी येते. लॉजिटेकचा झेड १२० हा त्यातला जुना आणि सरळ नमुना. त्याचे आरएमएस वॅट फक्त १.२, आणि कंपनी तसं सांगते. नुसतं लेक्चर ऐकायचं असेल तर त्यात भागतं. दोनेक हजारांच्या पट्ट्यात क्रिएटिव्हचा पेबल आहे. गोळ्यांसारखी जोडी, ४.४ वॅट, आणि कोन ४५ अंश वर वळवलेला. टेबलावर ठेवला की आवाज छातीवर न जाता कानाकडे येतो, म्हणून तो वॅटच्या मानाने मोठा वाटतो. झेब्रॉनिक्ससारख्या आपल्याकडच्या कंपन्यांचे लाकडी दोन डब्यांचे संच साधारण याच्या पुढे सुरू होतात. त्यात मॉडेल दरवर्षी बदलतात, तेव्हा नावापेक्षा वर सांगितलेली टकटक आणि वजन यांवर जा. एडिफायरचा आर १२८० टी, ४२ वॅट आणि चार इंची कोन, हा पाच हजारांत बसत नाही. पण अजून वर्षभर थांबून पैसे साठवायची तयारी असेल तर त्याच्यासाठी थांबायला माझी हरकत नाही.

ब्लूटूथवर मी फार वेळ घालवणार नाही. कॉम्प्युटर आणि स्पीकर एकाच टेबलावर असताना हवेतून आवाज पाठवायची गरज नाही. आवाज किंचित उशिरा येतो, गेममध्ये गोळी आधी सुटते आणि आवाज मागून येतो. वायर लावा. डेस्कटॉप असेल तर मागच्या हिरव्या छिद्रात लावा, पुढच्या नको. पुढच्या छिद्राची वायर कॅबिनेटच्या आतून सगळ्या गर्दीतून जाते, आणि माऊस हलवला की स्पीकरमध्ये किरकिर येते ती बऱ्याचदा तिथली. मागे लावूनही किरकिर राहिली तर यूएसबीचं छोटं साउंड कार्ड काही शे रुपयांत मिळतं. त्याने बहुतेक वेळा काम होतं.

घुमणारी हम्म मात्र वेगळी, ती लाईनची असते. लॅपटॉपवर ऐकत असाल तर चार्जर काढून बघा. हम्म गेली तर दोष चार्जर आणि अर्थिंग यांच्या जोडीत आहे. आपल्याकडे जुन्या घरांत बोर्डाला तीन छिद्रं दिसतात, पण वरच्या जाड छिद्राला वायरच नसते. इलेक्ट्रिशियनकडून ती घालून घ्या. हम्म घालवायला प्लगची अर्थिंगची पिन तोडू नका, आवाज जाईल पण अंगाला झटका बसायची सोय होईल. गेलेली लाईन परत येते तेव्हा कधी कधी व्होल्टेज एकदम चढून येतं, म्हणून लाईन गेली की स्पीकरचं बटण बंद करायची सवय लावा. घरात इन्व्हर्टर असेल तर तो स्क्वेअर वेव्ह आहे की साईन वेव्ह ते बघून ठेवा. आत ट्रान्सफॉर्मर असलेले जड स्पीकर स्क्वेअर वेव्हवर भणभणतात. लॅपटॉपला जोडलेले यूएसबीचे स्पीकर या भानगडीतून सुटतात, कारण त्यांना लॅपटॉपची बॅटरी पुरते. लाईन वारंवार जाणाऱ्या गावात राहणाऱ्याने हा मुद्दा किमतीच्याही आधी धरावा.

मांडणीत दोनच गोष्टी सांभाळा. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचे तीन कोपरे सारख्या अंतरावर असावेत, आणि कोन कानाच्या उंचीला यावा. त्यासाठी खाली दोन जाड पुस्तकं घातली तरी चालतं. डब्याच्या मागे गोल भोक असेल तर भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. काचेच्या शोकेसमध्ये तर ठेवूच नका. शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती यांनी आवाज आपटत असेल तर गादी, सतरंजी, जाड पडदा यांपैकी जे आहे ते खोलीत घाला. धूळ इथे भरपूर. काही महिन्यांत बटण फिरवताना खरखर येऊ लागते. लाईन बंद करून ते बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा-वीस वेळा फिरवलं की बहुधा साफ होतं, नाही झालं तर रेडिओ मेकॅनिककडे कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा असतो.

विकत कुठून घ्यायचं? ऐकून घ्यायचं असेल तर गावातच, नाहीतर अकोल्याला. ऑनलाइन दोनशे-चारशे रुपये वाचतात, पण त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर तुमच्या पिनकोडला लागू आहे का, की संच कुरिअरने लांब पाठवावा लागेल, हे पैसे भरण्याआधी बघा. दुकानातून घेताना पक्कं बिल आणि वॉरंटी कार्डावर तारखेसह शिक्का घ्या. “बिलाशिवाय शंभर कमी लावतो” हे शंभर रुपये सगळ्यात महाग पडतात. दुकानदार किंवा कंपनी वॉरंटीला दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तिथे मराठीतूनही तक्रार सांगता येते.

आता ज्यांच्या घरात कॅसेटच्या काळातली म्युझिक सिस्टीम माळ्यावर पडून आहे त्यांच्यासाठी. कॅसेटचा पट्टा गेलेला, सीडी वाजत नाही, पण दोन मोठे डबे शाबूत. पाच-सहा इंची कोन, चांगला भुशाच्या फळीचा जड डबा. असा माल आज नवा घ्यायला गेलात तर पाच हजारांत मिळणार नाही. त्याला लागतो फक्त एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर. हाताच्या पंजाएवढे क्लास-डी अ‍ॅम्प्लिफायर हल्ली अ‍ॅडॅप्टरसकट एक-दोन हजारांत मिळतात. नाहीतर गावातला मेकॅनिक ४४४० आयसीवर असेंबल करून देतो. सान्योची ही एलए ४४४० आयसी छोट्या गावांतल्या मेकॅनिकला तोंडपाठ असते. आयसी जळली तरी ती जागेवर बदलता येते, नव्या सीलबंद संचाचं तसं होत नाही.

डब्यामागे ओहम किती ते वाचा. ४ ते ८ च्या मधला आकडा असेल तर हे सगळे अ‍ॅम्प्लिफायर चालतात. जाळी काढून कोन फाटला आहे का, कडेचा फोम भुगा झाला आहे का ते बघा. फाटला असेल तर रिकोनिंग करणारे कारागीर अजून आहेत, नवा स्पीकर घेण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. वायरींवरचं प्लस-मायनस पुसलं गेलं असेल तर एक पेन्सिल सेल घ्या. सेलची दोन टोकं स्पीकरच्या दोन वायरींना क्षणभर टेकवा. कोन पुढे आला तर सेलचं प्लस ज्या वायरीला लागलं ती स्पीकरची प्लस. मागे गेला तर उलट. दोन्ही डब्यांवर खूण करून दोन्ही सारखेच जोडा. एक सरळ आणि एक उलटा जोडला गेला तर एक कोन पुढे येताना दुसरा मागे जातो, बेस गायब होतो आणि आपण चांगल्या स्पीकरला नावं ठेवत बसतो. सेल टेकवल्यावर कोन हललाच नाही तर मात्र बहुधा कॉईल जळालेली आहे. भंगारवाला हे डबे किलोवर नेतो, तेव्हा त्याला हाक मारण्याआधी एवढं एकदा करून बघा.